डॉक्टरांना न सांगितलेल्या कॅप्सूल

माझ्या मेंदूच्या तळाशी गाठ असू शकते असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या खोलीत एकाच माणसाला दुसरं कारण माहीत होतं. तो मी होतो, आणि मी गप्प बसलो.

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. पण जिमला जाणाऱ्या, माझ्यासारख्याच कॅप्सूल घेणाऱ्या दोघातिघांनी गेल्या काही महिन्यांत मला गाठून विचारलं, “तुला नक्की झालं काय होतं?” प्रत्येकाला अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत काय घडलं, एवढंच मला सांगता येईल.

दोन रकाने

मी हेमंत, मूळचा नागपूरचा. अकरा वर्षांपासून बंगळूरला आहे, बेळ्ळंदूरला राहतो. सॉफ्टवेअर कंपनीत माझं काम म्हणजे नवीन काही सुरू होण्याआधी त्यात काय काय बिघडू शकतं याची यादी करणं. बायको शर्वाणी इथलीच. तिचं घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे हे तिच्या वडिलांनाही नीट सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं असतं, की लग्नानंतर वर्षभर मी अर्ध्या बोलण्यावर नुसता हसून मान हलवायचो.

लहानपणापासून मी किडकिडीत. चाळिशी जवळ आली तरी शर्ट अंगावर वाळत घातल्यासारखा दिसायचा. हसण्यावारी न्यायचो, पण ते मनात राहायचंच. आमच्या सोसायटीच्या जिममध्ये नंदन भेटला. माझ्याच वयाचा, म्हैसूरकडचा, माझ्याशी हिंदीत बोलायचा. वर्षभरात त्याचे खांदे, दंड डोळ्यांत भरण्यासारखे झाले होते. एक दिवस त्याने हळूच सांगितलं, “स्टेरॉइड नहीं है यार. सुई भी नहीं. सिर्फ कॅप्सूल.” या कॅप्सूल म्हणे शरीराला स्वतःचंच ग्रोथ हार्मोन जास्त सोडायला लावतात. बाहेरून काही घालायचं नाही, जे आहे तेच वाढवायचं.

मी लगेच घेतल्या नाहीत. तीन आठवडे वाचत होतो. सवयीप्रमाणे दोन रकाने केले. एकीकडे स्नायू, गाढ झोप, दुखणं लवकर भरून येणं. दुसरीकडे बेसुमार भूक, अंगावर सूज, हात बधिर होणं, रक्तातली साखर वाढणं, आणि शेवटची ओळ : बरीच वर्षं घेतल्यास काय होतं, माहिती नाही. ऑफिसात अशी ओळ दिसली तर मी काम थांबवतो. ‘माहिती नाही’ ही यादीतली सगळ्यात मोठी जोखीम, असं मी नव्या मुलांना शिकवतो. स्वतःच्या बाबतीत मात्र मी तिचा अर्थ ‘बहुधा काही नसावं’ असा लावला. डबीवर बारीक अक्षरांत छापलं होतं की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांनी सेवन करू नये. नंदन म्हणाला, ते कायद्यासाठी लिहावं लागतं. मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं.

शर्वाणीला मी सांगितलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत.

खोटं बोलण्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, साखर कमी करणारी कुठलीशी पावडर कुणालाही न सांगता वर्षभर घेतली होती. मूत्रपिंडं बरीचशी खराब झाल्यावर ते उघड झालं. तेव्हापासून घरात साधी डोकेदुखीची गोळी जरी आली तरी शर्वाणी पाकीट उलटसुलट करून वाचते. ही डबी तिने वाचू नये म्हणून मी ती जिमच्या बॅगेत, बुटांच्या पिशवीत ठेवायचो.

अंगठी

पहिले दोन महिने मी खुशीत होतो. भूक अशी लागायची की जेवून उठल्यावर पुन्हा ताटाकडे बघायचो. वजन वाढलं. ऑफिसात लोक वळून विचारायला लागले. आरशासमोर मी जरा जास्तच वेळ उभा राहत होतो, हे कबूल करतो.

तिसऱ्या महिन्यात मोजे काढले की घोट्यांवर खोल वळ दिसायला लागले. चौथ्यात आउटर रिंग रोडच्या गर्दीत गाडी चालवताना स्टिअरिंगवरचा उजवा हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा. मग एका रविवारी लग्नातली अंगठी निघेना. साबण लावला, तेल लावलं. बोट जांभळं पडलं. शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागली. सोनाराने बोट चोळत विचारलं, “सर, शुगर है क्या?” शर्वाणीने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसची वार्षिक तपासणी होती. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या हद्दीत गेली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सूज पाहिली, हात पाहिले, कापलेल्या अंगठीची गोष्ट ऐकली आणि एका मोठ्या हॉस्पिटलातल्या हार्मोनतज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली.

“आणखी काही घेता का?”

बाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी माझे हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ पाहिले. जबडा पाहिला. जुना फोटो मागितला, तो शर्वाणीने मोबाइलमध्ये दाखवला. बुटाचं माप बदललं का, घाम जास्त येतो का, घोरता का, असं एकेक विचारत गेल्या. मग म्हणाल्या, “कुठली औषधं, सप्लिमेंट, जिमचं आणखी काही घेता का?”

शर्वाणी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर माझी फाइल होती.

“प्रोटीन पावडर,” मी म्हणालो. “बाकी काही नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. एवढंच. माझं खोटं त्यांच्या अक्षरांत कागदावर गेलं आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर उभी राहिली.

रक्ताच्या तपासणीत ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाने वाढणारा घटक माझ्या वयाच्या मानाने फार वर गेलेला निघाला. मग एक दिवस हॉस्पिटलात सकाळी साडेसातला उपाशीपोटी बोलावलं. हाताला सुई टोचून ठेवली, ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी प्यायला दिलं आणि दर अर्ध्या तासाने रक्त काढत राहिले. माझ्या खुर्चीच्या रांगेत आणखी तिघंजण होते. केरळच्या एक सिस्टर दर वेळी येऊन आधी माझा हात चोळून गरम करायच्या, मग रक्त घ्यायच्या. “घाबरू नका, सर. तुमची नस चांगली आहे,” त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. त्या सबंध दिवसात मनाला बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट. मला त्यांना सांगावंसं वाटलं. त्यांनाच. पण त्या पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

ती तपासणीही बिघडलेली आली. बाईंनी कागदावर मेंदू काढला, त्याच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी काढली आणि म्हणाल्या, “इथे एखादी लहान गाठ हार्मोन जास्त सोडत असेल. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. पण शोधायला हवी. एमआरआय करू.”

शर्वाणीने कन्नडमध्ये “सरी, डॉक्टर,” म्हणजे ‘बरं’, असं म्हटलं आणि ते चित्र घडी करून फाइलमध्ये ठेवलं.

डाग

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी तरी कॅप्सूल बंद केल्या असतील. नाही केल्या. का, याचं उत्तर मला स्वतःलाही द्यायला लाज वाटते. एक म्हणजे, बंद केल्या तर आकडे अचानक बदलतील आणि डॉक्टर कारण विचारतील, असं माझ्या डोक्याने ठरवलं. दुसरं म्हणजे, कमावलेलं शरीर उतरेल याची भीती. ती गाठीच्या भीतीपेक्षा खूप लहान होती. पण रोज सकाळी तीच आधी जागी व्हायची.

एमआरआयच्या नळीत डोकं पक्कं बसवतात. ठोके, खडखड, मग एकदम शांतता. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो. गाठ नसली तर सगळं कॅप्सूलमुळे, मग गुपचूप बंद करू, कुणाला काही कळणार नाही. असली तर मग कॅप्सूलचा काय संबंध? दोन्ही बाजूंनी मी सुटत होतो. आत पडल्या पडल्या मला इतकं हुशार वाटलं, आणि त्याच क्षणी छातीत अशी कळ आली की मी हातातला रबरी फुगा दाबून त्यांना मशीन थांबवायला लावलं. नुसती भीती होती ती. परत आत घातलं.

माझ्या हिशेबात तिसरी शक्यता नव्हती. नेमकी तीच आली. ग्रंथीवर काही मिलिमीटरचा एक पुसट डाग दिसला. बाई म्हणाल्या, “असे डाग पुष्कळ लोकांत असतात, आयुष्यभर काही करत नाहीत. पण तुमचे बाकीचे रिपोर्ट बघता मला तो सोडून देता येणार नाही. सर्जनना भेटा.”

म्हणजे डाग दोषी असू शकत होता, किंवा कॅप्सूल, किंवा दोन्ही. आणि हे वेगळं करायला लागणारी एकमेव माहिती माझ्या जिमच्या बॅगेत होती.

कँटीन

सर्जनकडे अण्णाही आले. चामराजपेठेतून दोन बस बदलून आले होते, स्वतःच्या औषधांचा डबा शर्टाच्या खिशात घेऊन. सर्जन तरुण होते, बोलायला चांगले. नाकातून दुर्बीण घालून गाठ कशी काढतात हे त्यांनी प्लास्टिकच्या कवटीवर दाखवलं. धोके सांगितले. दृष्टीच्या नसा जवळ असतात. ग्रंथीला इजा झाली तर काही हार्मोन आयुष्यभर बाहेरून घ्यावी लागतात. मग फाइल चाळत त्यांनीही विचारलं, “सप्लिमेंट वगैरे?”

“फक्त प्रोटीन,” मी म्हणालो.

शर्वाणी कागद घ्यायला काउंटरवर गेली. अण्णा आणि मी खाली कँटीनमध्ये बसलो. त्यांनी कॉफी बशीत ओतली, फुंकर घातली, पण प्यायले नाहीत.

“हेमंतराव, एक विचारू का? रागवू नका.”

“विचारा ना, अण्णा.”

“आत्ता त्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही उत्तर द्यायच्या आधी शर्वाणीकडे बघितलंत.”

मी कॉफीचा पेला जवळ ओढला.

“मी पण असंच बघितलं होतं. शर्वाणीच्या आईकडे. आणि डॉक्टरांना म्हणालो, ‘काही नाही हो, घरचंच खाणं.’ तोच आवाज होता तुमचा.” त्यांनी बशी खाली ठेवली. “मला काय घेता ते नका सांगू. पण काही आहे का, एवढं सांगा.”

माझ्या तोंडून “आहे” एवढंच निघालं. मग हॉस्पिटलच्या भरलेल्या कँटीनमध्ये मी, अंगाने चांगला भरलेला माणूस, एका आजारी म्हाताऱ्यासमोर ढसाढसा रडलो. अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ओरडले नाहीत.

“आधी तिला सांगा,” ते म्हणाले. “आज. माझ्याकडून कळायला नको. माझं तिला डॉक्टरांकडून कळलं होतं. त्याचं तिला पावडरीपेक्षा जास्त लागलं.”

रिंग रोडवर

अण्णा बसने गेले. मुद्दामच गेले. आम्ही दोघं गाडीत. रिंग रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग तुंबलेली. मी सांगितलं. कॅप्सूल, नंदन, पाच महिने, व्हिटॅमिन नाही, बुटांची पिशवी, सगळं.

ती समोर बघत होती. “आज सकाळी?” तिने विचारलं.

“घेतली.”

तिने दार उघडलं आणि उतरली. भर रस्त्यात. दोन स्कूटर चुकवून फुटपाथवर गेली आणि चालायला लागली. गाड्या इतक्या सावकाश सरकत होत्या, की ती चालत होती आणि मी तिच्या बाजूने, तिच्याच वेगाने, गाडी पुढे घेत होतो. मागून हॉर्न. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. ओढणीने तोंड पुसत होती. मला वाटलं, आता ही अशीच चालत चामराजपेठेला जाईल आणि मी त्या डागासकट एकटा उरेन. डोक्यात गाठ आहे ऐकलं तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

पुलाजवळ गाड्या पूर्ण थांबल्या. ती परत आली, दार उघडून बसली, पट्टा लावला.

“डॉक्टरांना फोन लाव. आत्ता. स्पीकरवर.”

बाई ओपीडीत होत्या, तरी फोन घेतला. मी सांगितल्यावर पलीकडे त्यांनी कुणाला तरी जरा बाहेर थांबायला सांगितलं.

“तुमच्यावर मी नंतर रागावेन,” त्या म्हणाल्या. “आधी ऐका. आजपासून बंद. डबी घेऊन या. लेबलवर लिहिलंय तेच आत आहे हे तरी कुणी सांगितलं तुम्हाला? पायांवर सूज आहे, तेव्हा उद्या हृदयाची सोनोग्राफी. ऑपरेशनचा विचार थांबवू. दोन महिन्यांनी सगळं परत तपासायचं. आकडे उतरले तर कॅप्सूल. नाही उतरले तर डाग.”

“आणि दोन्ही असेल तर?” शर्वाणीने विचारलं.

“तर तेही कळेल. आता निदान कळेल.”

दोन महिने

हृदय ठीक निघालं. ते ऐकून बाहेरच्या बाकावर बसलो. पण सुटका झाल्यासारखं वाटलं नाही. खरं सांगितलं की भीती जाईल अशी माझी समजूत होती. भीती गेली नाही. आतापर्यंत ती पकडलं जाण्याची होती, आता नुसती मरणाची राहिली.

रोज सकाळी बोटं मिटून बघायचो. सूज उतरतेय की मला तसं वाटतंय? जरा डोकं दुखलं की आरशासमोर एक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचायचो. वजन भराभर उतरलं. स्नायू म्हणून मी ज्यावर खूश होतो त्यातलं बरंचसं पाणीच होतं. साखरेची गोळी सुरू झाली. नागपूरहून आईचा फोन यायचा, “आवाज असा काऊन येते तुहा?” मी म्हणायचो, काम जास्त आहे. मग एक दिवस शर्वाणीने माझ्या हातातून फोन घेतला आणि आईला सगळं सांगितलं. “या घरात आता काही लपवायचं नाही,” एवढंच मला म्हणाली. बाकी आमच्यात बोलणं म्हणजे दूध आणलं का, गोळी घेतली का.

अण्णा आठवड्यातून तीनदा सकाळी यायचे. “स्वल्प चालू या,” म्हणायचे, आणि सोसायटीच्या आवारात आम्ही फेऱ्या मारायचो. ते दमले की मी थांबायचो, मी घाबरलो की ते थांबायचे. कॅप्सूलचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. एकदाच म्हणाले, “डायलिसिस लागेल की नाही, हे सहा वर्षं दर तीन महिन्यांनी बघतोय मी. सवय होत नाही. पण कॉफी लागते गोड.” आणि मग घाईघाईने, “म्हणजे बिनसाखरेची.”

नंदनला मी जिममध्ये जाऊन सांगितलं. रिपोर्टही दाखवले. त्याने वाचले, परत दिले. “तेरी बॉडी को सूट नहीं हुआ,” म्हणाला. “मुझे तो कुछ नहीं हुआ.” मी म्हटलं, एकदा साखर तरी तपास. बघू, म्हणाला आणि डंबेल उचलायला वळला. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. नुसता त्याच्या साखरेच्या रिपोर्टचा फोटो, खाली एक शब्दही नाही. मी बाईंचा पत्ता पाठवला आणि लिहिलं, काय घेतोस ते आत गेल्या गेल्या सांग.

तेवढंच मी तुम्हालाही सांगू शकतो. कॅप्सूल घ्यायच्या की नाही याचे दोन रकाने तुम्ही केले असतील, मीही केले होते. त्यात मी एक ओळ घातली नव्हती. काही बिघडलंच तर मी डॉक्टरांना खरं सांगेन का? त्या पाच महिन्यांत माझ्या शरीराला कॅप्सूलने जे केलं ते बरंचसं परतवता आलं. माझ्या खोट्यापायी मी एक धडधाकट ग्रंथी कापून घ्यायला निघालो होतो. शेजारी बसलेल्या माणसाची भीती वाटत असेल, तर त्याला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा. डॉक्टर त्यालाही सरावलेले असतात.

निकाल

दोन महिन्यांनी रक्त दिलं. बाईंनी रिपोर्ट स्क्रीनवर उघडला तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. आकडा उतरला होता. पार नेहमीच्या हद्दीत.

“म्हणजे डाग...?” मी विचारलं.

“डाग आहे तिथेच आहे. तो बहुधा आधीपासूनच असेल, कुणाला त्रास न देता. वर्षाने पुन्हा एमआरआय करू. साखर पूर्ण उतरेल की नाही, आत्ता सांगता येणार नाही. गोळी चालू ठेवा.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “आणि रागवायचं राहिलंय माझं. पण तुमच्याकडे बघून वाटतं, तशी गरज नाही.”

बाहेर आलो. शर्वाणीने अण्णांना फोन केला, कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलली, ठेवला. पार्किंगमध्ये गाडीजवळ पोचल्यावर तिने टपावर दोन्ही हात टेकले आणि डोकं खाली घालून बराच वेळ उभी राहिली. मी जवळ गेलो तर हातानेच थांबवलं.

“मी अजून रागावलेय तुझ्यावर,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“नाही, तुला माहीत नाही. दोन महिने मला नीट रागावताच आलं नाही. तोंड उघडलं की वाटायचं, हा मेला तर? माझे शेवटचे शब्द हे असतील का? म्हणून गप्प बसले.” तिने डोळे पुसले, किल्ली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चालकाच्या जागेवर बसली. “आता बस. आता मला भीती नाही.”

मी बसलो. गाडी गेटबाहेर पडायच्या आत तिने सुरुवात केली, आणि बेळ्ळंदूरपर्यंत, त्या सगळ्या तुंबलेल्या रस्त्यावर, ती बोलत होती. मी एकदाही मध्ये बोललो नाही.